इंदूरचा ओटला, बडोद्याचा ओटला

माझे माहेर इंदूरचे आणि सासर बडोद्याचे. एक होळकरांचे गाव, दुसरे गायकवाडांचे. दोन्हीकडे मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या नांदल्या, दोन्हीकडे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर दुसरी भाषा हा शिरस्ता, आणि गणपती, हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ हे सगळे तर सारखेच. त्यामुळे लग्नानंतर मला फारसे काही वेगळे वाटले नसेल, असे पुण्याकडचे नातेवाईक आजही धरून चालतात. घराच्या आत ते बरेचसे खरे आहे. उंबरा ओलांडला की मात्र ही दोन शहरे एकमेकांपासून फार दूर जातात. रस्त्यावर कोणी थांबायचे, किती वाजता थांबायचे, कशासाठी थांबायचे आणि थांबलेल्याशी कोणी बोलायचे, याचे दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, पण नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच कळून येतात.

मला ते नियम ओटल्यामुळे समजले. माळव्यात आणि गुजरातेत जुन्या वस्तीतल्या घराला किंवा दुकानाला समोरच्या बाजूने, रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच असा दगडी ओटला असतो. त्यावर दारातून येता येते आणि रस्त्यावरूनही चढता येते. पाऊस आला तर वाटसरू त्यावर उभा राहतो आणि घरमालक काही बोलत नाही. पण तिथे रोज येऊन कोणी बसू लागला तर त्याला मालकाची संमती लागते. घराची मालकी आणि रस्त्याची मोकळीक यांची अशी सरमिसळ झालेली दुसरी जागा शहरात नाही. इंदुराने हा ओटला परक्याला दिला आणि बडोद्याने तो आपल्या माणसांसाठी राखला. मला दिसणारे बाकीचे जवळजवळ सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

इंदूरच्या राजवाड्यापासून चालत काही मिनिटांवर सराफा बाजार आहे. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असलेला तो सात मजली राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला आणि पुढे पुन्हा उभा केला गेला. त्याच्या आसपासच्या गल्ल्या मात्र अजून जुन्याच अरुंद मापाच्या आहेत. दिवसा सराफा ही सोन्याचांदीची पेठ असते. रात्री आठ-साडेआठच्या सुमारास पेढ्यांची शटरे खाली येऊ लागतात आणि त्याच पेढ्यांच्या ओटल्यांवर व त्यांच्या पुढ्यात शेगड्या, कढया, पराती मांडल्या जातात. दहा वाजेपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही आणि ही गर्दी रात्री दोनच्या आसपासपर्यंत टिकते. दुकानांबाहेर माणसांचा राबता राहिला की पेढ्यांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच ही सोय होऊ दिली, असे इंदुरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. कारण काहीही असो, ज्या दगडावर दिवसा सोन्याचे गिऱ्हाईक चप्पल काढून ठेवते, त्याच दगडावर रात्री चाटवाल्याची पाटी असते, आणि यात कोणालाच वावगे वाटत नाही.

भुट्ट्याचा कीस कसा होतो हे तिथे अगदी जवळून बघता येते. कोवळी कणसे किसणीवर किसतात. तो दुधाळ कीस मोठ्या कढईत तुपावर, जिरे, हिंग आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत पडतो आणि मंद आचेवर परतत राहावा लागतो. अधूनमधून दूध घातले जाते. कीस कढईच्या कडांना धरू लागला की उलथन्याने खरवडून पुन्हा मध्यभागी ओढायचा, आणि हे काम करणाऱ्याचा हात संध्याकाळपासून थांबलेला मी तरी पाहिलेला नाही. शेवटी द्रोणात वाढताना लिंबू, कोथिंबीर, ओले खोबरे आणि वर जिरावण या इंदुरी मसाल्याची चिमूट. हिवाळ्यात याच गल्लीत गराडू येतो. हा एक कंद आहे. त्याच्या फोडी तळून ठेवतात, गिऱ्हाईक आले की पुन्हा तळून कुरकुरीत करतात आणि त्यावर मसाला व लिंबू पिळून देतात. उन्हाळ्यात गराडू मागितला तर मिळत नाही, आणि ते मला आवडते. शेजारी मोठाल्या कढईत हातभर घेराचा जलेबा तळला जात असतो, पलीकडे साबुदाण्याची खिचडी, खोबऱ्याची पॅटिस, मालपुवे, रबडी, घट्ट शिकंजी. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलण्याची जोशींच्या दुकानाची रीत तर आता देशभर माहीत झाली आहे.

पदार्थांची यादी बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. मला महत्त्वाचे वाटते ते हे की सराफ्यात कोणी बसत नाही. खुर्च्या-टेबले ठेवायला तिथे जागाच नाही. सगळे उभ्याने, तळहातावर द्रोण घेऊन, कोपराला कोपर लावून खातात, आणि शेजारी कोण उभे राहणार हे कोणाच्याच हातात नसते. एका बाजूला पाटणीपुऱ्यातला रिक्षावाला, दुसऱ्या बाजूला ज्याची पेढी नुकतीच बंद झाली आहे असा सराफ, मागे परगावहून शिकायला आलेली मुले. अनोळखी माणसाला हाक मारायची ती ‘भिया’ म्हणून, आणि कीस आधी खावा की दहीवडा, यावर तो अनोळखी माणूस आपुलकीने आणि ठामपणे मत देतो. माझे वडील बँकेत नोकरीला होते, स्वभावाने अबोल होते. घरी आलेल्या पाहुण्याशीही मोजके बोलणारा हा माणूस सराफ्यात परक्या माणसाला थांबवून सांगत असे की आज गराडू घेऊ नका, तेल बदललेले नाही. लहानपणी मला त्याचे नवल वाटे. आता वाटते की त्या गल्लीत बोलायला ओळख लागत नव्हती, म्हणून ते बोलू शकत होते.

सकाळी हेच चित्र पोह्यांच्या ठेल्यापाशी दिसते. आमच्या घरचे कांदेपोहे वेगळे आणि चौकातले इंदुरी पोहे वेगळे: ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या परातीत वाफेवर गरम राहतात, त्यांत बडीशेप असते, आणि वर शेव, चिरलेला कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे व जिरावण घालून ते जिलबीबरोबर खाल्ले जातात. घरी नाश्ता तयार असतानाही माणसे चौकात जाऊन पोहे खातात. वर्तमानपत्र तिथेच वाचले जाते, महापालिकेला नावे तिथेच ठेवली जातात आणि क्रिकेटचा निकालही तिथेच लागतो.

याच सवयीला इंदुराच्या स्वच्छतेचे बरेचसे श्रेय मी देते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सातत्याने पहिले आले. २०२३ च्या निकालात ते सुरतेबरोबर संयुक्तपणे पहिले होते. त्यामागे महापालिकेची मोठी यंत्रणा आहे, घरोघरची कचऱ्याची वर्गवारी आहे, देवगुराडियाचा २०२२ मध्ये सुरू झालेला आणि दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प आहे. पण यंत्रणा बऱ्याच शहरांत उभ्या राहतात. रस्त्याला आपली जेवणाची जागा मानणारे शहर त्यावर थुंकणाऱ्याला टोकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. टोकणारा शिपाई नव्हता, हातात द्रोण घेतलेला एक म्हातारा होता. छप्पन दुकान या खाऊगल्लीचा रस्ता गाड्यांसाठी बंद करून त्याचे नूतनीकरण झाले आणि तिथे बसायला बाके आली. ते सगळे नीटनेटके आहे. तरी सराफ्यातली खेचाखेची मला अधिक प्रिय आहे, कारण बाक आले की माणसे आपापल्या घोळक्याने बसतात.

इंदूर वर्षातून दोनदा पूर्णपणे रस्त्यावर येते. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, राजवाड्याच्या परिसरातून निघते. टँकरांवरच्या यंत्रांतून रंगाचे पाणी आणि गुलाल कित्येक मजले उंच उडतो, जुन्या इमारती आधीच ताडपत्रीने झाकलेल्या असतात, आणि गेर पुढे सरकताच सफाई कामगारांचा ताफा काही तासांत रस्ता पूर्वीसारखा करून टाकतो. दुसरा प्रसंग अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झाँक्यांचा. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल या कापड गिरण्यांच्या कामगारांनी ही परंपरा वाढवली. विजेच्या दिव्यांनी उजळलेले हलते देखावे गाड्यांवर, त्यांच्यापुढे लाठी-तलवारीचे हात करून दाखवणारे आखाडे, आणि दुतर्फा रात्रभर बसलेली माणसे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तिच्या कामगारांची थकबाकी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या त्या सगळ्या वर्षांत, स्वतःचे पैसे अडकलेले असताना, त्या कामगारांनी वर्गणी काढून झाँकी काढणे सोडले नाही. मी इंदूरकर आहे याचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो या गोष्टीमुळे. मिरवणुकीच्या मार्गावरच्या ओटल्यांवर त्या रात्री कोणीही येऊन बसते. आमच्या मावशीच्या ओटल्यावर खेड्यांतून आलेली अनोळखी कुटुंबे मुलांना मांडीवर निजवून बसलेली असत आणि मावशी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन देत असे. सकाळी ती कुटुंबे निघून जात. कोणाचे नावही आम्हाला माहीत नसे.

आणि इथेच इंदूरच्या मोकळेपणाची मर्यादा आहे. तो सर्वांना लगेच आत घेतो, पण कोणाला लक्षात ठेवत नाही. सराफ्यात ज्याच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या तो दुसऱ्या दिवशी भेटला तर ओळखेलच असे नाही, आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही. ते नाते द्रोण संपेपर्यंतचे असते.

बडोद्यात मी आले ती दांडिया बजारात. हा भाग, रावपुरा, बाबाजीपुरा आणि मांडवीच्या आसपासच्या वस्त्या ही बडोद्याची जुनी मराठी ठाणी. पोळ म्हणजे एका तोंडाने आत शिरणारी आणि बहुधा पुढे वाट नसलेली गल्ली. तिच्यात समोरासमोर घरे, प्रत्येकाला ओटला, आणि रात्रीची जेवणे झाली की त्या ओटल्यांवर माणसे. वरवर पाहिले तर इंदूरसारखेच. पण इथे प्रत्येक ओटल्यावर बसणारे ठरलेले असतात, बसायची जागाही ठरलेली असते, आणि पोळीत शिरणारा प्रत्येक अनोळखी माणूस दहा-बारा डोळ्यांखालून जातो. ‘कोणाकडे?’ हा प्रश्न त्याला हमखास विचारला जातो. प्रश्न विचारणारी माणसे उद्धट नसतात. पत्ता कळला की घरापर्यंत सोडायला येतात, पण विचारल्याशिवाय राहत नाहीत.

नवी सून म्हणून मला त्या ओटल्यांची धास्ती वाटत असे. मी किती वाजता बाहेर पडले, कोणत्या रंगाची साडी नेसले, भाजी कुठून आणली, हे मी परत येण्याआधी सासूबाईंना कळलेले असे. सराफ्यात हजार माणसांत मी एकटी असू शकत होते. इथे चाळीस पावलांच्या गल्लीत ते शक्य नव्हते. समोरच्या ओटल्यावरच्या गुजराती मासी, म्हणजे मावशी, मला माझ्या नावापुढे ‘बेन’ लावून हाक मारू लागल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आता तू इथली झालीस.” त्या वेळी मला त्याचे महत्त्व कळले नाही. पुढे सासऱ्यांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागले तेव्हा आम्ही हाक मारण्याआधी शेजारचे दोन भाई गाडी काढून उभे होते, आणि आम्ही परतेपर्यंत घर उघडे, मुलगा मासींकडे झोपलेला आणि सकाळचे दूध त्यांनीच घेऊन तापवलेले. माझ्या इंदूरच्या गल्लीतही शेजारधर्म होता, पण घराची किल्ली अशी न सांगता दुसऱ्याच्या हातात गेलेली मी तिथे पाहिली नव्हती.

बडोदे रस्त्यावर खात नाही असे मुळीच नाही. शेवउसळ हा तर या शहराचा जीव की प्राण आहे: वाटाण्याची पातळ, झणझणीत उसळ, तिच्यावर मूठभर शेव, कांद्याची पात, आणि वरून लागेल तशी तिखट तरी. लिलो चिवडा, भाकरवडी, दुलीराम पेढा यांची दुकाने पिढ्यांची आहेत, आणि दांडिया बजारातल्या कॅनरा कॉफी हाउसमधली पुना मिसळ खाऊन वाढलेली मराठी आणि गुजराती मुले आता आजीआजोबा झाली आहेत. पण खाण्याची पद्धत निराळी आहे. कुटुंब स्कूटरवरून येते, लारीपासून, म्हणजे हातगाडीपासून, थोडे दूर स्कूटर लावते, आणि स्कूटरच्याच भोवती उभे राहून आपल्यातच खाते. नाहीतर सरळ पार्सल बांधून घरी नेते आणि झोपाळ्यावर बसून खाते. शेजारच्या स्कूटरवरच्या कुटुंबाशी बोलण्याचे कारण पडत नाही. महापालिकेने कारेलीबागेत खास रात्री बाजार वसवला आहे. दुकाने ओळीने, बसायला जागा, गाड्यांना जागा. पण तिथे माणूस आपल्या मंडळींबरोबर जातो आणि आपल्या मंडळींबरोबर परततो.

असे का झाले असावे याचा मी जो विचार केला आहे तो मांडते. इंदूर व्यापारावर आणि गिरण्यांवर वाढले. पाळ्यांमध्ये काम करणारा कामगार आणि उशिरा पेढी बंद करणारा व्यापारी, या दोघांचा दिवस रात्री उशिरा मोकळा होत होता आणि दोघांनाही त्या वेळी रस्ताच उपलब्ध होता. बडोद्याला सयाजीराव महाराज मिळाले. १८७५ ते १९३९ इतकी प्रदीर्घ कारकीर्द, आणि तिच्यात त्यांनी या शहराला एकामागून एक वास्तू दिल्या: १८७९ मध्ये सयाजीबाग, जिला आम्ही अजून कमाटीबागच म्हणतो, १८८६ मध्ये गायनशाळा, १८९० मध्ये कलाभवन, १८९६ चे न्यायमंदिर, १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या हाताखाली उभे राहिलेले मध्यवर्ती ग्रंथालय. एकत्र जमण्यासाठी फाटक असलेल्या, वेळापत्रक असलेल्या, शिस्त असलेल्या जागा या शहराला इतक्या लवकर आणि इतक्या चांगल्या मिळाल्या की लोकांनी अनोळखी माणसाला भेटायचे ते तिथे आणि ओटला ठेवायचा तो आपल्यांसाठी, अशी वाटणी होऊन गेली. गाणे ऐकायला, व्याख्यानाला, चित्रप्रदर्शनाला आलेले बडोदेकर परक्याशी मोकळेपणाने आणि जाणतेपणाने बोलतात. तोच माणूस पोळीच्या तोंडाशी ‘कोणाकडे?’ असे विचारतो.

रात्रीचा विषय बाईच्या नजरेतून वेगळा दिसतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. सराफ्यात मध्यरात्री बायका, मुली, तान्ही मुले घेतलेल्या आया असतात, आणि त्या गर्दीत मला कधी भीती वाटली नाही. पण सराफ्यापासून घरापर्यंतचा रस्ता ही वेगळी गोष्ट होती. गर्दी संपली की संरक्षणही संपत असे, आणि दारूच्या दुकानांशेजारच्या, बसून पिण्याच्या अहात्यांवरून जाताना आम्ही मैत्रिणी झपाझप पावले उचलत असू. मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये ते अहाते बंद केले. बीआरटीएसच्या, म्हणजे जलद बससेवेच्या, मार्गावर २०२२ मध्ये चोवीस तास दुकाने उघडी ठेवायला परवानगी दिली गेली होती, ती २०२४ मध्ये मागे घेतली गेली, आणि मला त्यात आश्चर्य वाटले नाही: सराफ्याची रात्र सगळ्या वयांच्या माणसांची आहे, ती सरकारी परवानगीने दुसऱ्या रस्त्यावर उभी करता येत नाही. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. चोरून काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे, पण उघड्या रस्त्यावर तिचा फरक पडतो. बडोद्यात माझी मुलगी अकरा वाजता स्कूटरवरून अलकापुरीहून एकटी घरी येते आणि मला घड्याळाकडे बघत बसावे लागत नाही. इंदुरात तिच्या वयाची असताना मी असे एकटे येण्याचे मनातही आणले नव्हते.

नवरात्रात तर बडोद्याचे सगळे नियम उलटे होतात, आणि या शहराला अनोळखी माणसाबरोबर राहता येत नाही असे ज्याला वाटत असेल त्याने ते दिवस इथे काढावेत. बडोद्याचा गरबा वर्तुळाचा आहे. मध्यभागी देवीचा फोटो किंवा गरबो, म्हणजे आत दिवा लावलेला छिद्रांचा घट, एका बाजूला गायक आणि ढोल, आणि भोवती एकात एक अशी वर्तुळे. आतली वर्तुळे मुरलेल्यांची, बाहेरची नवख्यांची. चाल सुरुवातीला संथ असते, टाळी आणि पाऊल जुळले की हळूहळू वाढते. मोठ्या मैदानांवर, उदाहरणार्थ ‘युनायटेड वे’ या संस्थेच्या गरब्यात अतुल पुरोहित गात असतात तेव्हा, हजारो माणसे अनवाणी पायांनी एकाच लयीत एकाच दिशेने फिरतात. मी पहिल्या वर्षी बाहेरच्या वर्तुळात उभी राहिले तेव्हा मला काही येत नव्हते. पुढची बाई थांबली नाही, वळली नाही. तिने नुसता हात मागे करून बोटांनी ताल दाखवला, आणि मी तिच्या पावलांत पाऊल टाकत गेले. कोणाकडची, कुठली, हे तिने विचारले नाही. ज्या शहराने मला पोळीच्या तोंडाशी रोज तपासले होते, त्याच शहराने मैदानावर मला काही न विचारता रांगेत घेतले. युनेस्कोने २०२३ च्या डिसेंबरात गुजरातच्या गरब्याचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा मला त्या बाईची बोटे आठवली.

गरब्यातही भिंती आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या मैदानांचे पास महाग असतात, आणि कोणाला आत घ्यावे यावरून दरवर्षी वाद होतात. एरवीही बडोद्याच्या पोळी जातीजातींच्या आणि धर्माधर्मांच्या वेगळ्या आहेत. १९९१ चा अशांत धारा कायदा शहराच्या काही भागांना लागू आहे, त्यामुळे तिथे घर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि शेजारी निवडण्याची सवय त्यामुळे आणखी घट्ट होते. ज्या शेजारधर्माने माझ्या सासऱ्यांना सांभाळले त्याच्या कक्षेबाहेर कोण राहिले, हा प्रश्न मला अलीकडे जास्त सतावतो. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या अंगणातला विद्यार्थ्यांचा गरबा मला म्हणूनच जवळचा वाटतो. तिथे थाटमाट कमी आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुले एकमेकांना पावले शिकवतात. बाकी मोठ्या गरब्यांना ध्वनिक्षेपकाची मध्यरात्रीपर्यंतची सवलत मिळते, आणि बारा वाजले की ढोल थांबतो, मग घोळके फाफडा-जिलबीच्या किंवा शेवउसळीच्या लाऱ्यांकडे वळतात. त्या तासाभरात बडोद्याचा रस्ता इंदूरसारखा होतो: घामाने भिजलेली अनोळखी माणसे एकमेकांना चटणी पुढे करतात.

दोन्हीकडच्या मराठी माणसांनी आपापल्या शहराची रीत उचलली, हेही सांगायला हवे. इंदूरचा मराठी माणूस घरात कितीही सोवळा असला तरी सराफ्यात उभा राहून खातो, आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी तिथे भर रस्त्यावर रात्री बारा वाजता विकली जाते, जिच्याबद्दल माझ्या बडोद्याच्या सासूबाईंना अजूनही धक्का बसतो. बडोद्याचा मराठी माणूस जुम्मादादा व्यायाम मंदिरात, संगीताच्या मैफलीत, विठ्ठल मंदिराच्या देवपोढी (आषाढी) एकादशीच्या वरघोड्यात, म्हणजे मिरवणुकीत, भेटतो. रस्त्यात भेटला तर घरी येण्याचे आमंत्रण देतो, आणि ते आमंत्रण खरे असते. इंदुरात ‘या कधीतरी’ म्हणणारे पुष्कळ असतात. भेटायचे म्हटले की ते राजवाड्यापाशी बोलावतात.

आता दोन्ही शहरांतला ओटला अडचणीत आहे. सराफ्यातल्या पेढीवाल्यांनी गेल्या काही वर्षांत तक्रार केली की गर्दी आवाक्याबाहेर गेली आहे, अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या धोकादायक आहेत, आणि रात्रीची ही खाण्याची चौपाटी दुसरीकडे हलवावी. टाक्यांची भीती खरी आहे आणि जुन्या लाकडी माड्यांच्या गल्लीत ती गांभीर्यानेच घ्यायला हवी. दुकानांची संख्या ठरवावी, आगीचा बंब आत शिरेल एवढी वाट मोकळी ठेवावी, मोमो आणि नूडल्सऐवजी कीस, गराडू, मालपुव्यांना प्राधान्य द्यावे, हे सगळे मला मान्य आहे. चौपाटी उचलून मोकळ्या मैदानावर नेणे मात्र मान्य नाही. मैदानावर टेबले येतील, टेबलांबरोबर घोळके येतील, आणि माझ्या अबोल वडिलांसारख्या माणसाला परक्याशी बोलायला कारण उरणार नाही.

बडोद्यात हे काम कोणाच्या तक्रारीविनाच होऊन गेले. आम्हीही जुने घर सोडून वासणा रोडला राहायला आलो. इथल्या सोसायट्यांना ओटला नाही. उंच भिंत आहे, फाटकावर नोंदवही आहे, आणि ‘कोणाकडे?’ हा प्रश्न आता पगारी माणूस विचारतो, ज्याला उत्तरात काही रस नसतो. गरबाही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, फाटक लावून होतो. पोळीतली चौकशी राहिली आणि तिच्यामागची जबाबदारी गेली, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून सोसायटीच्या सभेत मी एक प्रस्ताव दिला आहे. रस्त्याकडची भिंत एका टोकाला दहा-बारा फुटांच्या लांबीत थोडी आत घ्यावी आणि बाहेरच्या बाजूला, कडुनिंबाखाली, दगडी ओटला बांधावा. जागा आपल्याच हद्दीतली असल्याने फुटपाथ अडत नाही. बाहेरचे लोक येऊन बसतील, हा पहिला आक्षेप आला. तो यायलाच हवा होता, कारण ते लोक बसावेत यासाठीच तो हवा आहे. भाजीची लारी लावणाऱ्या मासी दुपारभर उन्हात उभ्या असतात, शेजारच्या बांधकामावरच्या बायका मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला जेवतात, आणि आमच्या सोसायटीतली म्हातारी माणसे संध्याकाळी पार्किंगमध्ये गाड्यांकडे तोंड करून बसतात. गवंड्याकडून खर्चाचा अंदाज काढून घेतला आहे, कोटा दगडाऐवजी साधा काळा दगड घेतला तर तो निम्म्यावर येतो. तीन मजल्यांनी होकार दिला आहे, चौथ्याचे अजून ठरत नाही. दिवाळीनंतरच्या सभेत त्यावर हात वर करून मतदान होईल.